दुसऱ्या रॉडवरची तिसरी कॅप

नकोशीच्या अंगाला डिझेलचा वास यायचा, आणि तो लपवायला ती डोक्याला चमेलीचं तेल चोपडायची. मग काय, दोन्ही वास गळ्यात गळा घालून तिच्यापुढं चार पावलं चालायचे. भिगवणच्या नळावर बायका लांबूनच ओरडायच्या, "नकोशी आली गं, चुली इझवा!" ती घागर आपटून म्हणायची, "इझवा इझवा. उंद्या नवऱ्याची फटफटी बंद पडली की माझ्याच दारात ढकलत आणताल." आणि ते खरंच होतं. बारामतीच्या रस्त्याला, गाव संपता संपता, झुंबर मिस्त्रीची पत्र्याची शेड होती. तालुक्यातली निम्मी दमेकरी वाहनं तिथं येऊन टेकायची.

झुंबर तिचा नवरा. मेंढरांच्या मागं फिरणाऱ्या घरातला. दिवाळी झाली की बाप कळप घेऊन कोकणच्या वाटेला लागायचा, पण ह्या पोराचा जीव मेंढरापेक्षा ट्रकात जास्त. इंदापूरच्या एका गॅरेजात सात वर्षं काळं तेल पुसत तो इंजिनाचं काम शिकला आणि भिगवणात येऊन दुकान टाकलं. हाताखाली माणसं ठेवली, पण टिकेनात. मिस्त्रीचं तोंड म्हणजे वैशाखातला पत्रा, हात लावला की चटका. शेवटी टिकली ती बायको. जाणार तरी कुठं? पळसदेवच्या माहेरी तीन पोरींच्या पाठीवर ही चौथी झाली म्हणून नावच नकोशी ठेवलेलं. तिथं काय कुणी पंचारती घेऊन उभं नव्हतं.

तर ही नकोशी पंधरा वर्षं इंजिनं धूत होती. झुंबर खोलायचा, ती धुवायची, झुंबर बांधायचा. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व, बोल्ट, सगळं डिझेलच्या पातेल्यात बुडवून ब्रशनं घासायचं, फडक्यानं पुसायचं आणि गोणपाटावर ओळीनं मांडायचं. तिची मांडणी अशी, की लग्नाच्या रुखवताला काय मांडतील. कुठला बोल्ट कुठल्या भोकातला, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लोकांच्या बायकांना भावकीतली लफडी पाठ असतात, हिला नटबोल्ट पाठ होते, एवढाच फरक. लफडीही पाठ होती म्हणा, पण ती नटबोल्टांच्या नंतर.

चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात सर्जेरावाची जीप आली. सर्जेराव भिगवण-बारामती वडाप मारायचा. गाडी दहा जणांची, माणसं अठरा, वर टपावर कोंबड्या. जीप इतका धूर टाकायची, की मागच्या एसटीवाल्याला वाटावं पुढं वीटभट्टीच चाललीय. चढावर माणसं खाली उतरून चालत जायची आणि वर जाऊन जीपची वाट बघायची.

"मिस्त्री," सर्जेराव म्हणाला, "भाचीचं लगीन हाय. वऱ्हाड काटेवाडीला न्यायचंय. बहिणीला शबुद दिलाय, मामाच्या गाडीतनंच नवरी जाणार."

झुंबरनं बॉनेट उघडून नुसतं ऐकलं. "तुज्या गाडीतनं नवरी गेली तर तितं सासू वळखायची न्हाय. काळी ठिक्कर हुईल पोरगी. फुल काम काडावं लागतंय."

"काडा. पर लगनाच्या आदल्या दिवशी गाडी दारात पायजे."

मग चेन पुलीला लटकवून इंजिन उतरवलं. हेड काढलं, खालचं तेलाचं चेंबर काढलं, पिस्टन ओढून काढले. ब्लॉक बारामतीला लेथवर गेला, बोअरिंग होऊन आला. क्रँक घासून आला, नव्या पिस्टनचा डबा आला. इथवर सगळं नेहमीसारखं.

आता इंजिनाच्या पोटातली एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पिस्टन वरखाली नाचतो, त्याला धरून ठेवणारा लोखंडी दांडा म्हणजे रॉड. रॉडचं खालचं टोक क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, मिठी मारतं. ती मिठी दोन तुकड्यांची. अर्धी रॉडचीच, आणि उरलेली अर्धी वेगळी असते, बोल्टानं आवळायची. त्या वेगळ्या अर्ध्या तुकड्याला कॅप म्हणतात. रॉड आणि त्याची कॅप कारखान्यात एकत्र धरूनच गोल केलेले असतात. म्हणून चार रॉडांच्या चार कॅपा दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकीचा संसार दुसरीला चालत नाही. केसाएवढा फरक पडतो. तेवढ्यानं मधली तेलाची साय फाटते, बेअरिंग जळतं, आणि एखाद दिवशी भर वेगात रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. चाकं जागच्या जागी आवळली की आतल्या अठरा माणसांचं काय होतं, ते देवाच्या हातात.

म्हणून कॅपांवर खुणा करतात. बाकीचे मिस्त्री पंचनं टिंबं मारायचे. झुंबर कानशीनं काप घालायचा, बाप मेंढरांच्या कानाला घालायचा तसे. पहिल्या रॉडच्या कॅपेला एक काप, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथीचा कोपराच छाटलेला. बाप म्हणे पावसात, धुक्यात, नुसता कानाला हात लावून सांगायचा हे मेंढरू आपलं का शेजारच्या कळपातलं. लेकानं तेच लोखंडावर आणलं. तेलानं माखलेली कॅप हातात घ्यायची, न बघता अंगठा फिरवायचा, आणि थेट तिच्या रॉडवर. इंदापूरचे मिस्त्री चिडवायचे, "झुंबर, तुजं इंजिन ब्यां करतंय का रं?" हा म्हणायचा, "करतंय की. तुमच्या हातनं माज्याकडं आलं की करतंय."

डोळ्यानं बघून कॅप बसवणं त्याला कमीपणाचं वाटायचं. पुरुषांचं हे असं असतं बघा. ज्या गोष्टीचा गर्व, तिथंच नेमके डोळे झाकून बसायचं.

जीप यायच्या आधी, होळीच्या सुमाराची गोष्ट. झुंबरनं तव्यावरची भाकरी बोटांनी उचलली आणि तशीच हातात धरून बोलत राहिला. नकोशीला आधी कौतुक वाटलं, काय बाई रांगडा गडी. मग त्याच्या अंगठ्यावर टपोरा फोड तरारलेला दिसला.

"भाजलं की वं!"

"कुटं?" झुंबर म्हणाला.

फोड त्याच्याच अंगठ्यावर, आणि विचारतोय कुठं.

मग तिचं लक्षच लागलं. सदऱ्याची गुंडी लावायला त्याला आता वेळ लागायचा. विडी बोटात धरून तो खालपर्यंत ओढायचा आणि बोटं पिवळी-काळी झाली तरी टाकायचा नाही. उजव्या कोपराच्या खाली रुपयाएवढा फिका चट्टा होता. झुंबर म्हणायचा, उन्हाचा डाग. पण सगळं अंग घामानं थबथबलं तरी तेवढीच जागा कोरडी राहायची. उन्हाचा डाग असा उन्हातच कोरडा राहतो होय?

पळसदेवला नकोशीच्या एका चुलतीला असाच चट्टा उठला होता. तिला मळ्याच्या कडेला छप्पर घालून दिलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा. लांबूनच भाकरी टाकायची. चुलती मेली तेव्हा तिचा तांब्या कुणी उचलायचा यावर दोन भाऊ भांडले होते. नकोशीनं ते बघितलेलं. त्या रोगाचं नाव ती मनातसुद्धा घेत नव्हती. पण सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं की न दुखणारा चट्टा दाखवा, गोळ्या फुकट, रोग बरा होतो. तिला वाचायला तिच्या लेकीनं, सुकन्यानं शिकवलं होतं. सुकन्या बारामतीला वसतिगृहात राहून अकरावी करत होती. नकोशीनं ती भिंत येता-जाता सतरा वेळा वाचली. जणू अक्षरं एखाद दिवशी बदलणार होती.

एका दुपारी धीर करून ती म्हणाली, "अवं, एकदा दावून यिऊ की त्या चट्ट्याला."

झुंबरनं धुण्याचं पातेलं लाथाडलं. डिझेल शेडभर पसरलं. "काय दावायचं? कुनाला दावायचं? गावाला दवंडी दे की! उंद्या सुकन्याला बघाया येणारी मानसं भिगवणच्या फाट्यावरनंच माघारी वळत्याल. ह्यो शबुद पुन्ना काडलास तर हितं पाय ठिवू नगंस."

हा माणूस रागीट होता, पण पातेलं कधी लाथाडलं नव्हतं. नकोशी फडकं घेऊन डिझेल पुसत राहिली आणि तिला कळून चुकलं, की याला हे आधीच माहीत आहे.

हे झालं मंगळवारी. गुरुवारी सर्जेरावाचं इंजिन बांधायला घेतलं.

सर्जेराव सकाळपासून ठाण मांडून. बरोबर वडापच्या लायनीतले आणखी दोघं, चहा आणि फुकटचे सल्ले घेऊन. झुंबरनं चार कॅपा गोणपाटावरून उचलल्या, नव्या बेअरिंगा बसवायच्या म्हणून परातीत टाकल्या. नकोशीची ओळ मोडली. तशी ती दर वेळीच मोडायची, त्यात नवल नव्हतं. पुढं त्याचा अंगठा होताच.

पहिला पिस्टन ब्लॉकात उतरला. झुंबरनं परातीत हात घातला, अंगठा फिरवला, कॅप लावली, बोल्ट आवळले. एक काप. बरोबर. मग दुसरा. परातीत हात गेला, अंगठा फिरला. नेहमी एकदा फिरायचा, आज तीनदा फिरला. डोळे मात्र सर्जेरावाकडे, गप्पा चालूच. "वऱ्हाडात बँड कुनाचा सांगितलाय?"

नकोशी इंजिनाच्या पलीकडे, रॉड धरून. तिच्या बाजूला कापांची कड होती. तिनं मोजलं. एक, दोन, तीन.

तीन कापांची कॅप दुसऱ्या रॉडवर बसत होती.

तिनं तोंड उघडलं. समोर तीन पुरुष बशीतनं चहा फुरकत बसलेले. ह्यांच्यासमोर मिस्त्रीला म्हणायचं, की तुमचं चुकलं? आणि कसं चुकलं विचारलं तर काय सांगायचं? अंगठ्याला कळत नाही म्हणून? आजवर बोलण्यात कुणाला हार न गेलेली ही बाई, नळावर चाळीस घागरींना पुरून उरणारी. पण तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प बसली. तिला वाटलं, क्रँक फिरवताना त्याला कळेल. कळतंच. हाताला नाही कळलं तर दंडाला कळेल.

झुंबरनं तिसऱ्या रॉडवर दुसऱ्याची कॅप लावली, चौथी लावली, आणि क्रँक फिरवला. क्रँक फिरला, पण एका जागी अडखळून, दारात पाय अडकलेल्या म्हाताऱ्यासारखा. झुंबर थांबला. क्षणभर त्याच्या कपाळाला आठी पडली.

"का वं मिस्त्री?" सर्जेरावानं विचारलं.

"नवं काम हाय. आवळ असतंयच," झुंबर म्हणाला. "फिरंल तसं मोकळं हुईल."

आणि त्यानं चेंबर लावून टाकलं. दुपारपर्यंत हेड बसलं, संध्याकाळपर्यंत इंजिन गाडीत गेलं.

त्या संध्याकाळी नकोशीच्या भाकऱ्या करपल्या. झुंबर न बोलता करपलेली भाकरी खात होता, ह्यावरूनच समजा काय ते. नाहीतर एरवी करपलेल्या भाकरीवर त्यानं तासभर प्रवचन दिलं असतं.

"क्रँक अडत हुता न्हवं?" तिनं विचारलं.

"सांगितलं की. आवळ हाय."

"तुमाला जे वाटतंय त्येच मला बी वाटतंय."

"मला काय बी वाटत न्हाय," झुंबर म्हणाला, आणि ताट सारून उठला.

बाईनं मनाशी हिशेब मांडून बघितला. बोललं तर नवऱ्याचं नाव जातं, नाव गेलं की धंदा जातो, आणि बोटांचं का, हे विचारत विचारत गाव त्या चट्ट्यापर्यंत पोचतं. नाही बोललं तर जीपमध्ये नवरी, करवल्या, लेकुरवाळ्या बाया. तिला सर्जेरावाची बहीणसुद्धा माहीत होती. मोठी नखरेल, पण मेलेली बघावी इतकी काही वाईट नव्हती.

सकाळी आठला सर्जेरावानं ट्रॅक्टर आणला. नवं बांधलेलं इंजिन घट्ट असतं, बॅटरीनं फिरत नाही. म्हणून गाडीला साखळी लावून ट्रॅक्टरनं ओढायची आणि ओढता ओढता चालू करायची. ट्रॅक्टरवर रावजी. हा रावजी म्हणजे गावचं वर्तमानपत्र. सकाळी भिगवणात शिंकलेलं दुपारी पळसदेवला कळायचं ते ह्याच्यामुळं. जीपच्या बंपरला झेंडूची माळ, टायरपुढं लिंबू, सर्जेरावाच्या हातात नारळ. झुंबर स्टेअरिंगवर बसला. साखळी ताणली.

"वडू का?" रावजीनं मान वळवून विचारलं.

"वड!" सर्जेराव म्हणाला.

"थांबा!" नकोशी साखळीच्या मधे जाऊन उभी राहिली.

रावजीनं ब्रेक दाबला. "वैनी, मरायचंय का? लगनाच्या आदल्या दिवशी?"

"भावजी," ती सर्जेरावाला म्हणाली, आणि एका दमात बोलली, कारण दम घेतला असता तर बोललीच नसती. "कॅपा अदलाबदल झाल्यात. दुसऱ्याची तिसऱ्याला. धुताना माज्याच हातनं झालंय. ह्येंचा काय दोष न्हाय. गाडी चालू करू नगा."

झुंबर स्टेअरिंगवरून खाली उतरला नाही.

सर्जेरावाच्या हातातला नारळ खाली आला. "आन ह्ये आता सांगतीस? काल दिसभर काय तोंडात शेण धरलं हुतं?"

"व्हय," नकोशी म्हणाली. "धरलं हुतं."

"तरी म्हनत हुतो!" सर्जेराव झुंबरकडे वळला. "बाईमानसाच्या हातात इंजिन दिलं की दुसरं काय हुनार? तवा-परात सोडून पिस्टन धुवाया बसवलीस. मिस्त्री, उंद्या सकाळी बहिणीच्या दारात काय बैलगाडी घिऊन जाऊ?"

रावजी ट्रॅक्टरवर बसून एकेक शब्द गोळा करत होता, बोरं वेचल्यासारखा.

झुंबर उतरला. त्यानं गाडीखाली गोणपाट अंथरलं, तेल सोडलं, चेंबर खोललं. नकोशीनं जवळ जाऊन पाना पुढं केला तर त्यानं तिच्याकडं न बघता तो घेतला. बराच वेळ खालून नुसता लोखंडाचा आवाज येत राहिला. मग तो सरपटत बाहेर आला, हातात एक कॅप. उन्हात उभं राहून त्यानं फडक्यानं ती पुसली आणि आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यानं काप मोजले. तीन.

आता बघा, ह्या माणसाला सगळं माहीत होतं. गोणपाटावरची ओळ बरोबर होती, परातीत कॅपा त्यानं टाकल्या होत्या, अंगठा त्यानं फिरवला होता. आणि सुटायची वाट बायकोनं झाडून, सडा घालून ठेवली होती. फक्त मान हलवायची, दोन शिव्या द्यायच्या, आणि नाव शाबूत.

सर्जेराव अजून नकोशीलाच बोलत होता. "...माज्या घरची असती तर पायताणानं..."

"सर्जेराव," झुंबर म्हणाला, "तोंड आवर."

"काय?"

"तिनं न्हाय केलं. तिनं वळीनं मांडल्या हुत्या. म्या बसवल्या." त्यानं कॅप सर्जेरावापुढं धरली. "ह्ये काप मला बोटाला कळत न्हाईत. मागल्या साली कळायचं, आता न्हाय कळत. काल क्रँक अडला तवा मला संशय आला हुता. आला हुता, तरी चेंबर लावलं. चार मानसांत खोलाया लाज वाटली."

सर्जेराव हसला, चेष्टा असेल असं वाटून. "बोटाला कळत न्हाय म्हंजे?"

झुंबरनं अंगठा पुढं केला. फोड फुटून तिथं काळं भगदाड पडलं होतं, कडा पांढऱ्या. ते दुखत असतं तर कुठल्याही माणसानं त्या हातानं पाना धरला नसता. सर्जेरावानं बघितलं. मग नजर वर सरकली, गुंडाळलेल्या बाहीपाशी, कोपराखाली. हसू गेलं. तो अर्धं पाऊल मागं सरला. अर्धंच, पण सगळ्यांना दिसलं. सकाळी आल्या आल्या घेतलेल्या चहाचा त्याचा पेला झुंबरच्या पेल्याशेजारी ठेवलेला होता, तो त्यानं परत उचललाच नाही.

ट्रॅक्टरवर रावजीचं तोंड उघडं राहिलं. इतकी मोठी बातमी त्याला आयुष्यात फुकट मिळाली नव्हती.

"मंग," सर्जेराव म्हणाला, आवाज उतरलेला, "आता बांदनार कोन?"

"ती."

"वैनी?"

"दुसरा मिस्त्री आणायचा तर बारामतीला जा. सांजपतुर यील का न्हाय ठावं न्हाय. लगीन तुज्या भाचीचं हाय, माजं न्हाय."

सर्जेरावानं कपाळाला हात लावला आणि मान हलवली.

नकोशीनं पदर कमरेला घट्ट खोचला आणि गाडीखाली गेली. पंधरा वर्षं तिनं हे तुकडे धुतले होते, पण उताणं झोपून, तोंडावर तेलाचे थेंब घेत, हात वर करून बोल्ट लावणं वेगळं. पहिला बोल्ट हातातून निसटून थेट कपाळावर आपटला. खालून अशी एक शिवी ऐकू आली, की रावजीनंही मान दुसरीकडं केली. झुंबर बाहेर उकिडवा बसून तोंडानं सांगत होता. "आदी त्याल लाव ब्यारिंगला. काप किती?"

"दोन."

"डोळ्यानं बगितलं का?"

"डोळ्यानं बी आन बोटानं बी."

"लाव. दोन्ही बोल्ट थोडं थोडं. एकदम एकच आवळू नगंस, तिरकं बसंल. आता पान्याला दम दी. आनखी. आता बास कर, तुटंल."

"तुटत न्हाय. मला कळतंय."



तिसरी कॅपही लागली. मग पुढं जाऊन झुंबरनं हँडल घालून क्रँक फिरवला. एक फेरा, दुसरा फेरा. घट्टच होता, पण सगळीकडं सारखा घट्ट, कुठं ठेच लागत नव्हती. चेंबर लागलं, नवं तेल पडलं. रावजीनं साखळी ओढली, पन्नास पावलांवर जीपनं एक आचका दिला, खोकली, पांढरा धूर सोडला आणि चालू झाली. झुंबर ऐकत राहिला. कान अजून शाबूत होते त्याचे. बऱ्याच वेळानं म्हणाला, "रॉडचा आवाज न्हाय. ईस-पंचवीसच्या वर पळवू नगं. हजार किलोमीटर झाल्यावर त्याल बदल."

सर्जेरावानं नारळ फोडला, पण खोबरं वाटायचं विसरला. का विसरला, ते ज्याचं त्यानं समजावं. निघताना तो नकोशीला म्हणाला, "वैनी, म्या बोललो त्ये..." आणि वाक्य अर्धवट टाकून जीपमध्ये चढला. झुंबरकडं बघून त्यानं लांबूनच हात केला. जीप गेली, तिच्यामागं रावजी गेला. रावजीचा ट्रॅक्टर कधी एवढ्या घाईनं पळाला नव्हता. दुपारच्या आत स्टँडवर कळणार, संध्याकाळी मासळीबाजारात, आणि उद्या काटेवाडीत वऱ्हाडाच्या पंगतीला तोंडी लावायला चटणीच्या जागी हेच.

शेडमध्ये दोघंच राहिली. नकोशीच्या कपाळावर बोल्टाचं टेंगूळ, केसांत तेल, आणि ह्या वेळी चमेलीचं नव्हे.

"कशापायी स्वोतावर घेतलंस?" झुंबरनं विचारलं.

"मग काय करू? तुमी तर बसून हुता, नवरदेवावानी."

"बोलाया पायजे हुतंस. काल."

"काल बोललं असतं तर पातेलं लाथाडलं असतं."

झुंबर खाली गोणपाटावर बसला, बाही वर सारली आणि उजवा हात तिच्यापुढं धरला, एखादा झिजलेला पार्ट दाखवावा तसा. "बग," म्हणाला. "कुटवर गेलंय ते तरी बग. मी डोळं मिटतो."

नकोशीनं खराट्याची एक काडी मोडून घेतली. त्यानं डोळे मिटले. तिनं अंगठ्याला काडी टोचली.

"कळतंय?"

"टोचलीस का?"

मग मधलं बोट, मग करंगळी. तळहात. तो नुसता डोळे मिटून बसलेला, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा, आणि एकही उत्तर येत नव्हतं. मनगट.

"हितं?"

"न्हाय."

"हितं?"

"टोचती का न्हुसती इचारती?"

"टोचतीया," ती म्हणाली. मग तिनं काडी आणखी वर सरकवली, चट्ट्याच्या कडेनं, चट्ट्यावर, चट्ट्याच्या पलीकडं. कोपराच्या अलीकडं चार बोटांवर झुंबर दचकला.

"हितं! हितं हाय!"

त्यानं डोळे उघडले. खिशातून खडू काढला, ब्लॉकवर खुणा करायचा तो, आणि डाव्या हातानं, वाकडीतिकडी, त्या जागी उजव्या हाताभोवती रेघ ओढली. घामानं खडू धड उठेना, म्हणून पुन्हा गिरवली.

"डागदरला दावाया," म्हणाला. "न्हायतर त्यो बी इचारील, कुटं."

नकोशीनं घासलेटानं हात धुतले, लुगडं बदलायला पाहिजे म्हणाली आणि बदललं नाही. दवाखाना बाराला बंद व्हायचा. झुंबरनं शेडचं दार ओढलं, पण कुलूप त्याच्या बोटांत बसेना, तेव्हा तिनं ते त्याच्या हातातून घेऊन लावलं. फाट्यावरच्या हॉटेलापाशी रावजीचा ट्रॅक्टर उभा होता आणि भोवती माणसांचा घोळका जमला होता. दोघं त्यांच्यासमोरूनच गेली, बाही वर सारलेली तशीच ठेवून.